एका थाळीवरची भांडणं

हिवाळ्यात मला येणारी बहुतेक पत्रं "हा कोणता पक्षी?" अशी असतात. फेब्रुवारी सरला की सूर बदलतो आणि "हे पक्षी एवढे का भांडतात?" असं विचारणारी पत्रं येऊ लागतात. यंदा ती जास्तच आली, म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे. एकाच तऱ्हेचे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताई, नमस्कार. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीच्या ग्रिलला बर्ड फीडर टांगला आहे, त्यात बाजरी आणि तांदळाची कणी घालते. सुरुवातीला चिमण्या गुण्यागोविंदानं खायच्या, मुनियाही यायच्या. आता एक काळ्या गळ्याचा चिमणा फीडरवर ठाण मांडून बसतो, कुणाला जवळ फिरकू देत नाही. परवा दोघे एकमेकांना धरून खाली पडेपर्यंत भांडले. मुनिया तर बंदच झाल्या. सासूबाई म्हणतात, आपणच दारात भांडण आणलं, काढून टाक तो फीडर. काय करू?

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. भांडण आपण आणलं हे खरं. पण फीडर काढायची गरज नाही, मांडायची पद्धत बदलली की पुरे.

चिमण्या मोकळ्यावर कशा चरतात ते बघा. मी सहकारनगरला राहते, घराच्या मागे तळजाईची टेकडी. पाऊस ओसरला की तिथल्या पठारावर गवताला बी धरतं आणि चिमण्या, मुनिया, होले सगळे विखरून टिपत असतात. दाणे इतके पसरलेले की एकानं राखायचं म्हटलं तरी जमणार नाही. कुणी कुणाला हुसकावलं, तर ती चार हातांवर जाऊन तेच बी खाते. मग भांडून मिळणार काय? तुमच्या फीडरमध्ये मात्र अर्धा किलो बाजरी तळहाताएवढ्या जागेत, आणि बसायला दोन काड्या. वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच नळ असला की सकाळी काय व्हायचं, ते माझ्या पिढीनं पाहिलं आहे. बिऱ्हाडं भांडखोर नसायची, नळ एक असायचा.

याचा हिशेब शास्त्रज्ञांनी नीट मांडला आहे. अमेरिकेतले जेरॅम ब्राउन यांनी १९६४ मध्ये असं सुचवलं, की राखणीला लागणारी ताकद आणि वेळ वजा जाऊन पदरात काही उरत असेल, तेव्हाच पक्षी एखादी जागा राखतो. पुढे १९७५ मध्ये फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ यांनी केनियातल्या सोनेरी पंखांच्या शिंजिरांवर हे तपासून दाखवलं. वेताळ टेकडीच्या वाटांवर पावसाळ्यानंतर दीपमाळ फुलते ना, तिच्याच वंशातल्या झुडपांची नारिंगी फुलं हे शिंजीर राखत होते. कुणाचं राज्य लहान, कुणाचं कितीतरी मोठं, पण प्रत्येकाकडे फुलं मात्र सुमारे १,६००, म्हणजे एका पक्ष्याच्या दिवसभराच्या गरजेपुरती. फुलांत मध बेताचा असला की राखणदाराचा फायदा व्हायचा. दुसऱ्या कुणी चोच न घातल्यामुळे त्याच्या फुलांत थोडा जास्त मध साठायचा, त्याचं पोट लवकर भरायचं आणि उरलेला वेळ तो बसून काढायचा. सगळीकडे मध मुबलक झाला की हेच शिंजीर राखण सोडून द्यायचे. स्वभाव तोच, पक्षी तेच. बदललं होतं ते फक्त अन्न.

म्हणून त्या चिमण्याला गुंड म्हणू नका. त्याच्यापुढे राखता येण्याजोगी एक जागा आहे, ती तो राखतो आहे.

आता मारामारीविषयी. एक दिवस गॅलरीचं दार लावून, आतून काचेतून, तो नेमकं काय करतो ते सावकाश बघा. आधी मान पुढे लांबवतो आणि डोकं खाली, पाठीच्या रेषेत आणतो. मग पंख अंगापासून किंचित सुटे होतात, शेपटीची पिसं उलगडतात. समोरची चिमणी बहुतेक वेळा एवढ्यावरच बाजूला सरकते. नाही सरकली तर तो चोच उघडतो आणि तिच्या रोखानं एक उडी घेतो. तरीही समोरचा हटला नाही, तरच चोची आणि पंजे चालतात. ही पायरी विरळा, आणि ती बहुधा दोन तुल्यबळ नरांतच येते. तुम्ही पाहिलेली झटापट त्यातली. असे दोघे खाली पडतात, धुरळा उडवतात आणि पुढच्या क्षणी दोन दिशांना उडून जातात. रक्त निघेपर्यंत मजल क्वचितच जाते, कारण जखमी होणं जिंकणाऱ्यालाही परवडत नाही.

गळ्याखालचा काळा पट्टा जितका मोठा तितका नर वरचढ, असं पक्ष्यांच्या पुस्तकांत पुष्कळ वर्षं लिहिलं जात होतं. २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले गेले, तेव्हा हा संबंध वाटला होता तितका पक्का निघाला नाही. नुसत्या पट्ट्यावरून दादा ओळखायला जाऊ नका. आणखी एक गोष्ट पत्रांत कुणीच लिहीत नाही. चिमणीची मादी नरापेक्षा किंचित लहान असते, पण विणीच्या दिवसांत घरट्यापाशी आणि खाण्याच्या जागी तिचाच वरचष्मा असतो. तुमच्या फीडरवरही एखादी मातकट रंगाची मादी त्या चिमण्याला सहज बाजूला करत असेल. लक्ष ठेवा, मला कळवा.

आणि दिसतं ते सगळंच भांडण नसतं. चार-पाच नर एका मादीच्या मागे चिवचिवाट करत धावतात, तो प्रियाराधनाचा भाग. नुकतं उडू लागलेलं पिल्लू पंख थरथरवत, चोच वासून मोठ्या चिमणीच्या अंगावर जातं, ते भूक लागल्याचं सांगणं. मे महिन्यात मला येणाऱ्या "मोठी चिमणी छोटीला मारते" अशा तक्रारींतल्या बऱ्याच या भरवण्याच्या असतात.

भांडत असूनही त्या एकत्र का येतात, हे मला शिक्र्यानं शिकवलं. आमच्या समोरच्या शिरीषावर शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी येतो. तो फांदीवर टेकायच्या आधीच थाळीजवळची कुठली तरी एक चिमणी बारीक, कोरडा आवाज काढते आणि सगळा थवा मेंदीच्या कुंपणात शिरतो. क्षणापूर्वी एकमेकींना टोचणाऱ्या दोघी आत शेजारी शेजारी, हूं की चूं न करता बसतात. एकटीनं खायचं तर दर दोन दाण्यांमागे मान वर करून आभाळ बघावं लागतं. दहाजणी असल्या की पाहणारे डोळे वाढतात आणि प्रत्येकीला चार दाणे जास्त टिपता येतात. त्यापुढे थोडी टोचाटोची त्या सोसतात.

आता करायचं काय. फीडर एकच ठेवू नका. लहान लहान तीन जागा करा, आणि एका जागेवर बसून दुसरी दिसणार नाही अशा ठेवा: एक गॅलरीच्या या टोकाला, एक कुंड्यांच्या आड, एक स्वयंपाकघराच्या खिडकीशी. हे आडोशाचं फार महत्त्वाचं आहे. नुसते तीन फीडर एका रांगेत टांगले तर एकटा चिमणा तिन्ही राखतो. नरसाळ्याच्या फीडरपेक्षा पसरट मातीची थाळी बरी, तिच्यात मूठभरच दाणे, तेही पातळ पसरून. सकाळी तास-दीड तासात संपतील एवढेच घाला. दिवसभर भरलेलं भांडं म्हणजे दिवसभर राखण्याजोगी जागा. मुनियांसाठी भुसाराच्या दुकानातून राळं आणा किंवा बाजरीचं अख्खं कणीस दोरीनं असं टांगा की ते झुलत राहील. मुनिया गवताच्या डुलत्या काडीला लटकून खाणारी, तिला ते सहज जमतं. चिमणीला पायाखाली जरा भक्कम आधार लागतो, ती सहसा थाळीकडे वळते. बुलबुलांसाठी केळं-पपई ठेवत असाल तर ती दाण्यांपासून लांब, वेगळ्या कोपऱ्यात. शेव, फरसाण, ब्रेड मात्र कुणालाच नको.

एवढं करून आठवडाभर थांबा. भांडण पूर्ण जाणार नाही, जायची गरजही नाही. मुनिया परतल्या की पुरे.

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत पार्किंगमध्ये एक काळा-निळा चकचकीत, बाकदार चोचीचा पक्षी रोज सकाळी माझ्या स्कूटरच्या आरशावर हल्ला चढवतो. आरशावर चोच मारतो, पंजे आपटतो, घाण करून जातो. शेजारी म्हणाले चोच तुटेल. ऑनलाइन मिळणारं लाल रंगाचं साखरपाण्याचं फीडर लावलं तर तो तिकडे जाईल का?

हा जांभळा शिंजीर, विणीच्या पेहरावातला नर. अवघे दहा सेंटिमीटर लांब. वीण संपली की हा झगमगाट उतरतो, तो मादीसारखा पिवळट दिसू लागतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो.

आरशात त्याला दुसरा नर दिसतो. एरवी घुसखोर कसा वागतो? राखणदार अंगावर आला की पळतो, आणि प्रकरण मिटतं. आरशातला पळत नाही. हा जितक्या जोरात येतो तितक्याच जोरात तोही येतो, हा थांबला तर तोही थांबून याच्याकडे बघत राहतो. त्यामुळे हा भांडण संपवूच शकत नाही. दयाळ आणि चीरकही याच कारणानं मोटारींच्या आरशांवर आणि गच्चीच्या काचेवर तुटून पडतात. एवढ्याशा खुणेवर पक्षी किती चिडतो, हे इंग्लंडमध्ये डेव्हिड लॅक यांनी गेल्या शतकात रॉबिन या तांबड्या छातीच्या पक्ष्यावर दाखवलं. पेंढा भरलेल्या रॉबिनवर हल्ला होणं समजू शकतं. पण नुसता तांबड्या पिसांचा झुबका तारेवर लावला तरी रॉबिन त्याच्यावर धावून जात होते.

चोच सहसा तुटत नाही. नुकसान वेगळं आहे: मादी घरटं विणत असते, पिल्लं वाढत असतात, आणि नराची सकाळ आरशाशी झगडण्यात जाते. उपाय अगदी सोपा. स्कूटर लावली की दोन्ही आरशांवर जुने सुती मोजे चढवा. सोसायटीतल्या बाकीच्या गाड्यांनाही तेच सांगा, नाहीतर तो शेजारच्या आरशावर जाईल. खिडकीची काच असेल तर कागद बाहेरच्या बाजूनं लावा, आतून लावला तर प्रतिबिंब आणखी स्पष्ट दिसतं. काही आठवड्यांत विणीचा भर ओसरतो.

साखरपाण्याचं फीडर घेऊ नका, असं मी आग्रहानं सांगते. ती भांडी अमेरिका खंडातल्या हमिंगबर्डसाठी तयार झाली. हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत, आणि आपल्या शिंजिरांचं त्यांच्याशी जवळचं नातंही नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये साखरपाणी दिवसभरात आंबतं, रोज भांडं उकळत्या पाण्यानं धुणं कुणाकडून होत नाही. आणि भांडण कमी व्हायचं म्हणाल तर एका जागी न संपणारा गोडवा ठेवणं म्हणजे आधीच्या उत्तरातल्या फीडरचीच पुनरावृत्ती. पार्किंगच्या कडेनं जास्वंद, अडुळसा, हमेलिया, रसेलिया लावा, थोड्या थोड्या अंतरावर. आंब्यावर बांडगूळ असेल तर निदान एखादं राहू द्या. त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात, फळांवर टिकेलचा फुलटोच्या येतो.

आजी, मी कर्वेनगरला राहतो, सहावीत आहे. आमच्या गच्चीवर साळुंकी बुलबुलला हाकलते आणि बुलबुल चिमणीला. पण काल एक कोतवाल घारीच्या मागे लागला होता आणि घार पळत होती! मग सगळ्यात दादा पक्षी कोणता?

तू दोन वेगवेगळी भांडणं पाहिलीस, आणि दोन्ही नीट पाहिलीस.

गच्चीवरचं भांडण खाण्याचं. त्यात बहुतेक वेळा वजन जिंकतं. अमेरिकेत लोकांनी आपापल्या अंगणातल्या फीडरवर कोण कुणाला हाकलतं ते लिहून पाठवलं, आणि त्यातून २०१७ मध्ये १३६ जातींची उतरंड तयार झाली. मोठे पक्षी वर, छोटे खाली, असाच मोठा भाग निघाला. पण काही जाती वजनाच्या मानानं फार वर निघाल्या, डाउनी नावाचा एक छोटा सुतारपक्षी त्यातलाच. उलट पारवे-होल्यांच्या कुळातले पक्षी अंगानं मोठे असूनही मागे पडले. तुझ्या गच्चीवर होला येत असेल तर तो कुणाकुणापुढे माघार घेतो ते बघ.

घारीमागचा कोतवाल मात्र खाण्यासाठी भांडत नव्हता. त्याचं घरटं जवळपास असणार. कोतवालाचं वजन पन्नासेक ग्रॅम, घारीचं त्याच्या दहापटीहून जास्त. तरी घार पळते, कारण कोतवाल वरून, मागून येतो, झटकन वळतो आणि तिच्या पाठीवर टोचून निसटतो. मोठ्या पंखांच्या घारीला तेवढ्या चपळाईनं वळता येत नाही. शिवाय घारीला फक्त तिथून पुढे जायचं असतं, कोतवालाची मात्र पिल्लं पणाला लागलेली असतात. हळद्या आणि होल्यासारखे पक्षी कधी कधी मुद्दाम कोतवालाच्या झाडावर किंवा जवळ घरटं करतात. राखण आपोआप मिळते.

म्हणून सगळ्यात दादा असा एकच पक्षी सापडणार नाही. कुठे, कधी आणि कशासाठी, हे बघावं लागतं. नॉर्वेत थोरलाइफ शेल्डेरूप-एबे नावाचा मुलगा घरच्या कोंबड्यांचं निरीक्षण करत बसायचा. कोण कुणाला टोचतं आणि कोण मुकाट्यानं बाजूला होतं, एवढंच. मोठेपणी, १९२१ मध्ये, त्यानं ते जगापुढे मांडलं. कोंबड्यांत ठरलेला क्रम असतो, आणि क्रम एकदा ठरला की भांडणं कमी होतात. तू एक वही कर. पानावर उभी आणि आडवी पक्ष्यांची नावं लिही आणि कुणी कुणाला हाकललं की त्या चौकटीत एक रेघ मार. वेळ आणि काय खायला होतं तेही लिही. उन्हाळ्याच्या सुट्टीचं पान वेगळं ठेव आणि दिवाळीच्या सुट्टीचं वेगळं. वही झाली की मला पाठव, आपण ती याच सदरात छापू.

औंधमधल्या आमच्या बागेत साळुंक्या आणि लालबुड्या बुलबुल दुसऱ्या पक्ष्यांना फार त्रास देतात. मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, तो सांगतो तिकडे साळुंक्यांना पकडून मारतात. आपणही त्यांचा बंदोबस्त करायला हवा का?

नाही. मुलगा सांगतो ते खरं आहे. जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक जातींची एक प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात पक्षी तीनच, आणि त्यातले दोन आपल्या अंगणातले: साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. पण ती यादी त्यांना माणसानं जिथे नेऊन सोडलं तिथल्यासाठी आहे. ऑस्ट्रेलियात, पॅसिफिक बेटांवर तिथल्या पक्ष्यांना त्यांच्याशी स्पर्धा करायची सवयच नव्हती. इथे ते मूळचे रहिवासी आहेत. आपली चिमणी, तांबट, राघू हजारो वर्षं त्यांच्या शेजारी राहत आले आहेत. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे, आपल्या पक्ष्यांना पकडणं, मारणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे.

साळुंक्या ढोल्यांवरून तांबटांशी, राघूंशी झगडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. तिथे खरा उपाय म्हणजे वाळलेल्या फांद्या आणि जुनी झाडं टिकवणं. सोसायटीत झाडांची छाटणी होते तेव्हा "वाळकी काढून टाका" असं सरसकट सांगितलं जातं, ते मला फार सलतं. माणसांच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल तर एखादं वाळकं खोड उभं राहू द्या. तांबट स्वतः कोरतो, आणि त्यानं सोडलेली ढोली पुढे इतरांच्या कामी येते.

धायरी: कबुतरं थाळीवर तुटून पडतात, चिमण्यांना काहीच उरत नाही. कबुतरांसाठी वेगळी ज्वारी ठेवली तर?

ती ठेवू नका. वेगळी ज्वारी ठेवली की आज दहा येतात तिथे महिन्याभरात पन्नास येतील. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यामागे लोकांच्या फुप्फुसांच्या आजाराचा प्रश्न होता आणि तो खरा आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीनं फुप्फुसांना येणारी सूज, होतो. घरात दम्याचे कुणी असतील तर आणखी सांभाळा.

चिमण्यांची थाळी तारेच्या जाळीच्या पेटीत ठेवा, जाळीचे चौकोन दीड इंचाचे. बोहरी आळीत अशी जाळी मीटरवर मिळते. चिमणी, मुनिया सहज आत जातात, कबूतर आणि साळुंकी बाहेर राहतात. कापलेली टोकं आत वळवून घ्या, ती पक्ष्यांच्या डोळ्यांना लागतात. पेटीखाली सांडलेले दाणे रोज झाडून काढा, कबुतरं त्यांच्यासाठीच घिरट्या घालतात.

आणि थाळी धुवा. टोचाटोचीनं पक्षी क्वचित मरतात, गर्दीतून पसरणाऱ्या रोगानं मात्र थव्यानं मरतात. ब्रिटनमध्ये कबुतरांच्या कुळात आढळणारा ट्रायकोमोनोसिस हा रोग २००५-०६ च्या सुमारास अंगणातल्या छोट्या पक्ष्यांत शिरला, दाणापाण्याच्या भांड्यांवरून पसरला आणि ग्रीनफिंच हा एके काळचा नेहमीचा पक्षी इतका घटला की २०२१ मध्ये तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. आठवड्यातून दोनदा थाळी गरम पाण्यानं घासून कडक उन्हात वाळवा, पाण्याचं भांडं रोज. फुगून बसलेला, गिळता न येणारा, चोच ओली असलेला पक्षी दिसला तर दाणे घालणं दोन-तीन आठवडे पूर्ण थांबवा. पावसाळ्यात ओल्या दाण्याला बुरशी येते, तेव्हा निम्मेच घाला, आणि तेही उघडीप असेल त्या दिवशी.

वारज्याहून फोनवर आलेला प्रश्न: भांडताना एक चिमणी खाली पडली, उडत नाही. काय करावं?

उत्तर त्यांना तेव्हाच दिलं, सगळ्यांच्या उपयोगाचं म्हणून इथे देते. भांडणात पडलेली चिमणी बहुतेक वेळा काचेवर आपटलेली असते किंवा मांजराच्या तावडीतून सुटलेली असते. ती पातेल्याखाली झाकू नका, चोचीत पाणी ओतू नका, मुलांना हाताळू देऊ नका. बुटाच्या खोक्याला हवेपुरती भोकं पाडा, आत मऊ कापड अंथरा, चिमणी ठेवून झाकण लावा आणि खोकं शांत, सावलीच्या जागी ठेवा. तासाभरानं खोकं बाहेर नेऊन उघडा. नुसती आपटली असेल तर ती उडून जाईल. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा मांजराचा दात लागला असल्याची शंका असेल तर वाट पाहू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी छोटा पक्षी दिवसा-दोन दिवसांत दगावतो, वरून जखम दिसली नाही तरी.